हाकेला ओ

सोळा वर्षांच्या मुलाने पहिल्या हाकेला ओ दिली असं कुणाच्या घरात होत असेल, तर मला त्या घरी न्या, मी त्या माउलीच्या पाया पडेन. आमच्याकडे तीन हाकांचा रिवाज आहे. पहिली हाक वाया जाते, दुसरीला नुसतं ‘हं’ येतं, आणि तिसरीला मी नरडं ताणलं की आतल्या खोलीतून ‘काय आहे यार आई!’ येतं. इतकी वर्षं मी यावर चिडायचे, भांडी आपटायचे. ऑपरेशननंतर मात्र पहिली हाक वाया गेली की मी हातातलं काम टाकून उभी राहायला लागले. ऐकून न ऐकल्यासारखं करतोय, की त्याला ऐकूच आलं नाही?

माझ्या डाव्या कानाच्या नसेवर गाठ होती. दिवाळी झाल्यावर कानामागून कवटी उघडून ती काढली, आणि तिच्याबरोबर त्या कानाचं ऐकणंही गेलं. ते जाणार हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं आणि मीही मोठ्या समजूतदारपणे मान डोलावली होती. तेव्हा कान होता ना, मान डोलवायला काय जातं! चेहऱ्याची नस वाचली, पण ती काही महिने रुसून बसेल म्हणाले. म्हणजे तोंडाची डावी बाजू खाली ओघळलेली, डावा डोळा मिटत नाही, झोपताना त्यात मलम घालून वरून पट्टी चिकटवायची. चहा घेतला की निम्मा गाऊनवर. चालताना पायाखालची फरशी होडीसारखी हलायची, त्यामुळे दिल्लीतल्या मयूर विहारच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी भिंतीला हात लावत लावत फिरायचे. आवाज कुठून येतोय तेही कळेनासं झालं होतं. एका कानाने आवाज ऐकू येतो, पण त्याची दिशा कळायला दोन लागतात, हे मला त्रेचाळीसाव्या वर्षी समजलं. सोसायटीच्या आवारात पहिल्यांदा खाली उतरले तर मागून ई-रिक्षाचा हॉर्न आला, आणि मी नेमकी तिच्याच वाटेत सरकले. रिक्षावाला म्हणाला, “दिखता नहीं क्या मॅडम?” दिसत होतं रे बाबा, सगळं दिसत होतं.

गाठ निघाली, कॅन्सर नव्हता, म्हणजे सुटली बाई, असं सगळ्यांना वाटत होतं. पेढे तेवढे वाटायचे राहिले. पण ही गाठ एकटी आलेली नव्हती. माझ्या शरीरात जन्मापासून एक जीन बिघडलेला आहे आणि तो अशा गाठी करत राहतो. उजव्या कानाच्या नसेवर दुसरी आहे, हरभऱ्याच्या दाण्याएवढी. सध्या ती वाढत नाही. दरवर्षी एमआरआय काढायचा आणि ती गप्प आहे ना ते बघायचं. ती वाढली की हाही कान जाणार. त्याची भीती आहेच, पण ती माझी मी अंगवळणी पाडून घेतली असती. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, “मुलाचीही तपासणी करून घ्या. हे मुलांत उतरायची शक्यता निम्मी-निम्मी असते.” डोक्याला पट्ट्या बांधून मी चाकाच्या खुर्चीत बसले होते, अर्धं जग मुकं झालं होतं, पण हे वाक्य मात्र स्वच्छ ऐकू आलं.

निम्मी-निम्मी म्हणजे छापा की काटा. मला एकच मूल. त्याचं नाणं सोळा वर्षांपूर्वीच खाली पडलेलं होतं, फक्त त्यावरचा हात आम्ही उचललेला नव्हता.

नवऱ्याला म्हटलं, आत्ता नको. अकरावी आहे, कोचिंग आहे, परीक्षा होऊ दे. तो म्हणाला, बघ बुवा, डॉक्टर लवकर म्हणाले होते. मग तोही गप्प बसला, कारण त्यालाही तो हात उचलायचा नव्हता. मुलाला आम्ही एवढंच सांगितलं, आईला गाठ होती, काढली, संपलं. तो म्हणाला, “अच्छा. चलो, बढिया.” आणि हेडफोन घालून बसला.

घरात भीतीचं बोलणं मी स्वयंपाकघरात करायचे. नवरा संध्याकाळी नोएड्याहून ऑफिसातून आला की त्याला ओट्याशी गाठायचे आणि हळू आवाजात सगळं ओकायचे. आज तीन हाका मारल्या तरी आला नाही. आज टीव्हीचा आवाज वाढवला. त्याला झालं असेल तर? माझ्यामुळे झालं असेल तर? नवरा हो-हो म्हणत आधी गॅसवरची चिमणी चालू करायचा, मग नळ सोडायचा. मला वाटायचं, काय हा माणूस, बायको रडतेय आणि याला भांडी विसळायची पडलीय.

माझ्या देखभालीला ठाण्याहून मावशी आली होती. आईची धाकटी बहीण. सत्तरी उलटली तरी शेजारच्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्या मोजते आणि ‘त्यांची डाळ कच्ची राहणार’ असं सांगते, इतके तिचे कान तिखट. कवटीच्या ऑपरेशनचं पथ्य काय असतं हे तिला माहीत नव्हतं, म्हणून तिने मला बाळंतीण ठरवून टाकलं. आळिवाची खीर, मऊ भात, मेतकूट, वरून साजूक तूप. डोक्याला स्कार्फ घट्ट बांधायचा, कानाला वारं लागता कामा नये. म्हटलं, मावशी, त्या कानाला वारं काय, आता वादळ लागलं तरी कळायचं नाही. तर म्हणाली, “असं अभद्र बोलू नये.”

मावशी होती म्हणून मी तगले, हे खरंच. पण तिचं एक वाक्य मला सुईसारखं टोचायचं. मुलगा समोरून गेला की ती मायेने म्हणायची, “अगदी तुझ्यावर गेलाय हो! आणि तू ताईवर. तेच कपाळ, तीच जिवणी.” आपल्याकडे हे कौतुक असतं. बारशापासून सुरू होतं, नाक आत्याचं, रंग आजोबांचा, तिरसटपणा मामाचा. मीही हे आयुष्यभर ऐकलं आणि खूश झाले. माझी आई देखणी होती. आणि माझी आई ठार बहिरी होती. मी शाळेत जायला लागले तेव्हाच तिचे कान गेले होते. टायफॉइडमध्ये गेले, असं आमच्या घरात सांगत, आणि कुणी कधी त्यापुढे विचारलं नाही. पुढे तिचा तोल जायला लागला, डोकं दुखून दुखून ती गेली, तेव्हाही ‘डोक्यात काहीतरी झालं’ एवढंच. माझी गाठ सापडली तेव्हा डॉक्टरांनी आईबद्दल विचारलं, आणि मी ‘टायफॉइड’ म्हणता म्हणता थांबले.

तेव्हा तुझ्यावर गेलाय, ताईवर गेलाय, हे मावशीने म्हटलं की मला वाटायचं तिच्या तोंडावर हात ठेवावा. एकदा ओरडलेच, “माझ्यावर नाही गेला! बापावर गेलाय! पुरे आता!” मावशी खीर ढवळायची थांबली. तिला बिचारीला काय कळणार, मी का पिसाळले ते. तिलाही आम्ही काही सांगितलं नव्हतं.

मी चोरून त्याची परीक्षा घ्यायला लागले. तो पाठमोरा असला की चमचा पाडायचा. तो डावीकडे मान करून मोबाइल बघत असला की हळूच म्हणायचं, पिझ्झा मागवायचा का? पिझ्झा त्याला बरोबर ऐकू यायचा. कुरिअरवाल्याची बेल, चिप्सच्या पाकिटाचा आवाज, मित्राच्या स्कूटीचा हॉर्न, सगळं ऐकू यायचं. अभ्यासाला बस म्हटलेलं ऐकू यायचं नाही. मी मनात म्हणायचे, आहे, बिल्कुल नॉर्मल आहे, कार्ट्याला धाड भरली नाही. पुढचे दोन तास बरे जायचे. मग तो जेवताना एकदम “हं? काय म्हणालीस?” म्हणायचा आणि माझा घास तोंडातच राहायचा. अर्ध्या तोंडाने तसाही तो नीट चावता येत नव्हता.

जानेवारीतली एक दुपार होती. बाहेर धुकं आणि धूर यांचं ते दिल्लीचं राखाडी कालवण, खिडक्या बंद, शाळेला थंडीची सुट्टी. मी औषधाच्या गुंगीतून उठले तर घरभर लसणाचा वास. मावशी फोडणी करतेय असं वाटलं. भिंत धरत बाहेर आले. मुलगा दिवाणावर मावशीच्या मांडीवर डोकं ठेवून उजव्या कुशीवर पडला होता, आणि मावशी लोखंडी पळीतलं तेल मनगटावर थेंबभर टाकून, गरम जास्त नाही ना बघून, त्याच्या डाव्या कानात सोडत होती.

मी जी किंचाळले! चौकट धरली नसती तर तिथेच कोसळले असते. मुलगा ताडकन उठून बसला, तेल त्याच्या मानेवरून टीशर्टात उतरलं. मावशी भेदरून म्हणाली, “अगं, लसणाची पाकळी कढवलेलं तेल आहे, विष नाही! लहान मुलांच्या कानात घालतातच की.”

“पण का? का घालतेस?”

“तोच म्हणाला. चार दिवस मागे लागलाय. कानाला दडा बसलाय म्हणाला.”

दडा हा शब्द तो म्हणाला नसणार, त्याला तो येत नाही. तो म्हणाला असेल कान बंद-बंद वाटतोय. पण दडा हा शब्द मला नवा नव्हता. माझ्या आजाराची सुरुवात मी डॉक्टरांना याच शब्दात सांगितली होती आणि त्यांनी विचारलं होतं, दडा मतलब?

“कधीपासून?” मी त्याला विचारलं.

तो टीशर्टच्या बाहीने मान पुसत होता. “काही नाही गं. सर्दी असेल.”

“कधीपासून?”

“दिवाळीच्या आधीपासून.”

“आणि सांगितलं नाहीस?”

“तुझं ऑपरेशन होतं ना, यार.” मग जमिनीकडे बघत म्हणाला, “आणि नंतर तू रोज किचनमध्ये रडायचीस. मला झालं असेल तर, तुझ्यामुळे झालं असेल तर. अजून काय सांगणार? मला माहितीये सगळं. नेटवर वाचलं मी. फिफ्टी-फिफ्टी.”

“मी तर हळू बोलायचे रे,” मी म्हटलं.

तो पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसला. “आई, तू हळू बोलतेस ना, ते खाली गेटवरच्या गार्डलापण ऐकू येतं. कान गेल्यापासून तुला तुझा आवाजच कळत नाही. बाबा चिमणी कशाला चालू करतात असं वाटतं तुला?”

मी दिवाणावर बसले. दीड महिना मी त्याच्यापासून जे लपवत होते, ते रोज संध्याकाळी ओरडून ओरडून त्याला ऐकवत होते. आणि तो आतल्या खोलीत पुस्तक उघडं टाकून ऐकत होता. माझी मलाच लाज वाटली, नवऱ्याचा राग आला, पण या सगळ्याच्या खाली भीती होती ती इतकी मोठी झाली की राग-लाज कुठल्या कुठे गेली. दिवाळीच्या आधीपासून. डावा कान.

मावशीने पळी खाली ठेवली होती. आमच्या बोलण्यातलं तिला किती कळलं कोण जाणे, पण तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती स्वतःशीच बोलावं तशी बोलली, “ताईपण आधी असंच म्हणायची. दडा बसलाय म्हणायची. आमची आई रोज तेल घालायची तिच्या कानात. असंच, मांडीवर घेऊन.” मग पदराने मुलाची मान पुसायला लागली आणि पुसतच राहिली. “पण तो टायफॉइड होता ना गं?” तिने मला विचारलं.

संध्याकाळी नवरा आला तेव्हा मी स्वयंपाकघरात गेलेच नाही. बाहेरच्या खोलीत सगळ्यांसमोर सांगितलं. तो बूट पायात तसेच ठेवून बसून राहिला. मुलगाच म्हणाला, “टेस्ट करून टाकू. ब्लड, एमआरआय, जे असेल ते. हे रोजरोजचं बोअर होतं यार.” त्याच्या आवाजात जराही कंप नव्हता. मला वाटलं, किती धीराचा आहे. तेव्हा तसंच वाटलं.

रक्त दिलं, त्याला वेळ लागणार होता. एमआरआयची तारीख पुढची मिळाली. त्याआधी कानाच्या डॉक्टरांनी दोन दिवस थेंब घालून तेल-मळ साफ केला आणि ऐकण्याची चाचणी सांगितली. मुलाने विचारलं, आता तरी उघडायला हवा ना कान? डॉक्टर म्हणाले, बघू. सगळ्या डॉक्टरांना हा एक शब्द कॉलेजातच शिकवत असणार.

चाचणीच्या दिवशी नवऱ्याने सुट्टी घेतली. यमुनेच्या पुलावर धुकं होतं, टॅक्सी रांगत होती, आणि मी मागच्या सीटवर मुलाचा हात धरून बसले होते. त्याने तो सोडवून घेतला नाही, एरवी हिंमत नाही माझी त्याचा हात धरायची. बोलावं असं खूप वाटत होतं, पण आता मला माझ्या आवाजाची धास्ती बसली होती.

ती खोली मला तोंडपाठ आहे. खोलीच्या आत आणखी एक काचेची खोली, कपाटाएवढी, चारी बाजूंनी स्पंज ठोकलेली. आत एक खुर्ची. कानावर हेडफोन लावतात, हातात बटण देतात. बारीक बारीक आवाज येतात, मुंगी बोलली तर येईल तेवढे. आवाज आला की बटण दाबायचं, बाहेर मशीनवर दिवा लागतो. मशीनपाशी एक तरुण मुलगी होती, गोड बोलणारी. नवऱ्याला बाहेर बसवलं. मी म्हटलं, मी आत थांबते, मी पेशंट आहे इथली. तिने हसून मला तिच्या मागची खुर्ची दिली. तिथून मुलगा मला समोर दिसत होता, आणि मी त्याला.

आधी उजवा कान. दिवा लागत होता, विझत होता, पुन्हा लागत होता. मी देवाचं नाव घेणारी बाई नाही, पण त्या दिव्याला मी त्या दिवशी काय काय बोलले असेन.

मग डावा. दिवा लागला. पुन्हा लागला. पुन्हा. अगं बाई, ऐकू येतंय त्याला! मळच होता मेला, मळ आणि सर्दी, आणि आम्ही उगाच जीव टांगणीला लावून बसलो होतो. माझ्या जिवात जीव आला. मी त्याच्याकडे बघून हसले, हसले म्हणजे जेवढं तोंड चालतं तेवढ्याने. तोही हसला. दिवा लागला.

मग मला जाणवलं की तो दिवा फार नेमाने लागतोय. भिंतीवरचं घड्याळ चालावं तसा. आणि ते आवाज कधी असे नेमाने येत नाहीत, मुद्दामच येत नाहीत. मी मशीनवरच्या मुलीच्या हाताकडे बघितलं. तिचा हात मांडीवर होता. ती काहीच वाजवत नव्हती.

दिवा लागला.

तिने माइक जवळ घेतला. “बेटा, आवाज़ आए तभी दबाना. अंदाज़े से नहीं.” मुलाने मान डोलावली. तिने पुन्हा सुरुवात केली. तो तिच्याकडे बघत नव्हता, मशीनकडे बघत नव्हता. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. दिवा लागला की माझं अर्धं तोंड हसत होतं, लागायला उशीर झाला की पडत होतं, आणि ते पडायला लागलं रे लागलं की त्याचा अंगठा खाली जात होता. त्या मुलीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिलाही ते कळलं होतं.

बसून राहावं असं फार वाटलं. मी बसले आहे तोवर दिवा लागत राहील, एवढंच मला त्या क्षणी कळत होतं. मग मी उठले. भिंतीला हात लावला, त्याच्याकडे पाठ केली आणि दारापर्यंत गेले. फरशी नेहमीपेक्षा जास्त हलत होती. मागे वळून बघितलं नाही. दार ओढून घेतलं.

बाहेर बाकावर नवरा होता. तो घाईघाईने उठला, माझ्या उजव्या बाजूला आला आणि म्हणाला, “झालं?”

“नाही,” मी म्हटलं. “आता सुरू होईल.”